मुरूम लागेपर्यंत

अमरावतीहून भातकुलीच्या वाटेला लागलं की पेढी नदीच्या अलीकडे एक लहानसं गाव होतं, आणि त्या गावात माणिकबाईचा मळा होता. त्या भागातल्या बहुतेक विहिरींचं पाणी खारं. तहानलेलं जनावरसुद्धा तोंड लावून मान फिरवायचं. पण माणिकबाईच्या सासऱ्याने कधीकाळी जागा बदलत बदलत खोदलं आणि एका ठिकाणी गोडं पाणी लागलं. त्या विहिरीवर वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या असं सगळं पिकायचं. नवरा जानराव मोट हाकायचा, माणिकबाई वाफे राखायची आणि बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन अमरावती गाठायची. जानराव गरीब स्वभावाचा होता, कोणी दटावलं तर खाली पाहणारा. माणिकबाई तशी नव्हती. बाजारात तिच्या तोंडाला लागायला गिऱ्हाईक कचरत असे. वांगं दाबून पाहणाऱ्याला ती सरळ म्हणायची, "बाप्पा, घ्याचं असन तं घे, त्याचे हालहवाल नको इचारू."

दूर अमेरिकेत कुठे लढाई जुंपली होती आणि त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, हे तिला बाजारातच कळलं. पुढे ते सांगायला कोणाची गरज राहिली नाही. जो तो पऱ्हाटी म्हणजे कापूस पेरत सुटला. ज्वारीच्या वावरात पऱ्हाटी, तुरीच्या वावरात पऱ्हाटी. दुसऱ्या माळ्यांनीसुद्धा भाजीचे वाफे मोडून सरकी टोबली. आणि तिकडे अमरावतीत परकोटाच्या आत-बाहेर माणसांची जत्रा उसळलेली. मुंबईचे दलाल, गाडीवान, हमाल, रुई दाबणारे. खाणारी तोंडं वाढली आणि भाजी लावणारे हात कमी झाले. माणिकबाईची पाटी दुपारच्या आत रिकामी व्हायला लागली.

त्या बरकतीच्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांचं घर जळालं. तुराट्यांच्या कुडाचं, वरून गवताने शाकारलेलं घर. शेजारच्या चुलीतली ठिणगी वाऱ्यावर आली आणि पाहता पाहता सगळं भडकलं. त्यांची एकुलती पोरगी सुभद्रा आत झोपलेली होती. जानरावाने कांबळं पांघरून आत उडी घेतली आणि तिला बाहेर काढलं. पोर वाचली, पण डावा हात खांद्यापासून कोपरापर्यंत भाजला. जखम भरली तेव्हा कातडी आकसून हात अर्धवट वाकलेलाच राहिला. त्यानंतर चुलीत लाकूड तडतडलं की सुभद्रा अंग चोरून भिंतीला लागायची.

"मले इटाचं घर पाह्यजे," माणिकबाईने नवऱ्याला सांगितलं. "कवेलूचं. आग लागली तरी भित उभी राह्यली पाह्यजे."

जानराव म्हणाला, "बांधू." तो कशालाच नाही म्हणत नसे.

घर बांधायचं म्हटलं तर गवंडी कुठे मिळतात? सगळे अमरावतीच्या व्यापाऱ्यांच्या गोदामांवर गुंतलेले. उरलेले आगगाडीच्या सडकेवर, जिथे नवे रूळ पडत होते. शेवटी बाजारातल्या ओळखीने बांधकामाचा ठेका घेणाऱ्या भगवंत गुत्तेदाराचं नाव कळलं. अमरावतीत त्याने बरीच कामं केली होती. पन्नाशीचा, उजळ रंगाचा, डोक्याला स्वच्छ पागोटं बांधणारा माणूस. बोलणं तर असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा आपल्याच घरचा. पहिल्यांदा मळ्यात आला तेव्हा त्याने सुभद्रेला जवळ बसवून घेतलं, तिचा हात पाहिला आणि त्याचे डोळे भरून आले. "पोरी, तुह्या घराले आता आगीचं भेव नाई," तो म्हणाला. माणिकबाईला तो माणूस आवडला. ते सगळं खोटं होतं असं तिला नंतरही कधी म्हणता आलं नाही.

दसरा झाल्यावर मळ्यातच काम सुरू झालं. पाऊस नुकताच सरलेला, काळी माती लोण्यासारखी मऊ. कुदळ मारली की ढेकूळ उचलून यायचं. माणसांनी चर खोदला आणि लगेच दगड टाकायला घेतले. माणिकबाई पाटी उतरवून पाहायला गेली, तर चर जेमतेम गुडघ्याइतका खोल. आत सगळी काळी मातीच.

सासऱ्याने विहीर खोदली त्या वेळी ती नवी सून होती. माती उपसून टाकण्याचं काम तिनेच केलं होतं. पुरुषभर काळी माती निघाल्यावर पिवळा मुरूम लागला होता, हे तिला पक्कं आठवत होतं.

"भाऊ," तिने विचारलं, "मुरूम कोठी लागला?"

भगवंत गुत्तेदार हसला. "वहिनी, तुमी वांगे लावा, मले पाया भरू द्या. लहानसं घर हाय, त्याले काय किल्ल्याचा पाया पाह्यजे?"

गवंडीही हसले. जानराव पण थोडा हसला. माणिकबाईला वाटलं, आपल्याला त्यातलं काय कळतं? आणि ती वाफ्यात निघून गेली.

काम भराभर झालं, जरा जास्तच भराभर. माघात घरभरणी झाली. तीन खणांचं घर, पुढे ओटा, वर लाल कवेलूंचं छप्पर. मजुरी हातोहात चुकती केली. शेजारची पार्बताबाई, जिने साऱ्या गावाची बाळंतपणं केली होती आणि जिला सगळ्यांच्या घरचं सगळं ठाऊक असे, ती आत-बाहेर फिरून म्हणाली, "माणिक, राणी झाली तू." त्या दिवशी सुभद्रा आपणहून चुलीपाशी बसली. एवढंच माणिकबाईला पाहिजे होतं.

चैत्रात काळी जमीन उलते. वावरात अशा भेगा पडतात की वासराचा पाय अडकतो. त्याच चैत्रात मधल्या खोलीच्या दारावर, चौकटीच्या कोपऱ्यातून, केसाएवढी रेघ निघाली. माणिकबाईने ती शेणाच्या हाताने सारवून टाकली. आठ दिवसांत ती परत उमटली आणि वर सरकली. पुढे दार लागेना, चौकटच तिरपी झाली होती. मग एके दिवशी सुभद्रेने त्या भेगेत बोट घातलं आणि ते आत गेलं.

"माय, पलीकडचं ऊन दिसते," ती म्हणाली.

जानराव अमरावतीला गेला. भगवंत गुत्तेदाराने त्याला बसवून घेतलं, पान दिलं आणि समजावून सांगितलं की नवं घर असंच बसत असतं, घाबरायचं कारण नाही. जानराव तेच शब्द घेऊन घरी परतला. दोन दिवसांनी त्याचा एक माणूस आला, भेगेत चिखल लिंपून गेला. उन्हाने चिखल वाळला आणि पापडासारखा गळून पडला.

मग माणिकबाई स्वतः गेली. भगवंत एका व्यापाऱ्याच्या गोदामावर काम करवून घेत होता. रस्ता कापसाच्या गाड्यांनी तुंबलेला. ती वाट काढत त्याच्यापुढे उभी राहिली. मनात तिने बोलायचं सगळं ठरवलेलं होतं, पण ती तोंड उघडणार इतक्यात तोच म्हणाला, "वहिनी, एवढ्या उन्हात काहून आल्या? निरोप धाडला असता तं मीच आलो असतो. पोरगी कशी हाय?"

"पोरगी बरी हाय. घर बरं नाई."

"येतो ना. मंगळवारी माणसं घेऊन येतो. माह्यं काम हाय ते, मी नाई पाहीन तं कोण पाहीन?"

मंगळवारी तिने पहाटे उठून भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली, चार माणसं जेवतील एवढं रांधलं. वाटेकडे पाहत सकाळ गेली, दुपार गेली. दिवस कलल्यावर तिने ते अन्न शेजारीपाजारी वाटून टाकलं. पुढचा मंगळवारही तसाच गेला. त्यानंतर तिने रांधलं नाही, पण वाट मात्र पाहिली. मग बाजारात कळलं की भगवंत गुत्तेदार अकोल्याला गेला, तिथे आगगाडीच्या ठेसनाचं काम मिळालं म्हणून.

"जाऊ द्या आता," जानराव म्हणाला. "पाणी पडलं की पाहू."

"पाणी पडाच्या आंधी भित पडन," माणिकबाई म्हणाली. "चला अकोल्याले."

रुईची गाठोडी नेणाऱ्या गाड्यांबरोबर ते निघाले. सुभद्रेला पार्बताबाईकडे ठेवलं. धुळीचा रस्ता आणि वैशाखाचं ऊन. गाडीवानही रस्ताभर कापसाच्या भावाचंच बोलत होते. अकोल्याला पोचल्यावर जानराव ज्याला त्याला विचारत सुटला. माणिकबाईने असं काम कधी पाहिलं नव्हतं. मातीचे डोंगर, दगडांचे ढीग, शेकडो बायाबाप्ये घमेली वाहत होते. एका बाजूला सावलीत बाज टाकून भगवंत बसला होता. त्यांना पाहताच तो उठून उभा राहिला.

"अरे, जानरावभाऊ. वहिनी." त्याने हाक मारून पाणी आणवलं. गूळ दिला. दोघांना बाजेवर बसवलं आणि स्वतः दगडावर बसला. "पोरीचा हात कसा हाय? सरळ होते का थोडा?"

माणिकबाई पाणी प्यायली. म्हणाली, "भाऊ, भेगेतून आता हात जाते. छपराचा म्याल एका बाजूनं खाली आला. आमी बाहीर निजतो."

त्याने मान हलवली. "मले समजते. पण माह्या हाती काय हाय, सांगा. आगगाडीच्या सायबानं सगळे गवंडी इथं बांधून ठेवले. एक माणूस सोडत नाई. आन् खरं सांगू का, तुमची जमीनच तशी हाय. काळी. उन्हाळ्यात उलते, पावसाळ्यात फुगते. त्याले मी काय करू?"

"जमीन काळी हाय हे आंधी नाई दिसलं तुमाले?"

खरोखर दुःख झाल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

माणिकबाई उठली आणि दोन पावलं चालली. बाजेच्या पलीकडेच नवा पाया खोदणं चालू होतं. तिने वाकून पाहिलं. खाली उभ्या असलेल्या माणसाचं डोकंसुद्धा वर दिसत नव्हतं. आणि त्याच्या पायाखाली पिवळा मुरूम होता. दुसरा माणूस आत दोर सोडून खोली मोजत होता.

दोर वर येईपर्यंत तिने पाहिलं. मग मागे वळून म्हणाली, "इथं मुरूम लागेपर्यंत खोदलं."

"हाव," भगवंत म्हणाला.

"मंग आमच्या घराले काहून नाई?"

त्याने उत्तर दिलं ते अगदी साधेपणाने, तिला फसवायचा कसलाही आव न आणता. "अठी सायेब उभा राह्यते ना, वहिनी."

बाजारात एका पैशासाठी आख्ख्या रांगेला ऐकवणारी माणिकबाई त्या उत्तरापुढे गप्प झाली. तो चिडला असता, तिला हाकलून दिलं असतं, तर तिने त्याच्या सात पिढ्यांची खबर घेतली असती. पण तो तर गुळाचा खडा पुढे करत होता. तिला काय सुचलं कोणास ठाऊक, तिने खाली बसून त्याच्या पायाला हात लावला. आयुष्यात दुसऱ्या कोणापुढे ती अशी वाकली नव्हती.

भगवंत गडबडून मागे सरकला. "असं नका करू, मोठ्या भावासारखा हाय मी तुमचा. पावसाळा सरला की येतो. शपथ."

दुसऱ्या दिवशी ते परतीच्या वाटेला लागले. मूर्तिजापूर मागे पडल्यावर जानरावच म्हणाला, "माणूस वाईट नाई तो." तिने तोंड फिरवून घेतलं.

गावात आल्यावर ती पाटलाकडे गेली. पाटलाने सगळं शांतपणे ऐकलं. पण त्यालाही आपल्या घरापुढे नवा सोपा बांधायचा होता आणि दसऱ्यानंतर भगवंत गुत्तेदारच येणार असं ठरलेलं होतं. तो म्हणाला, "माणिकबाई, आता त्याले दुखवून कसं चालन? माह्या कामाले येईन तवा तुह्यं बी सांगतो." कोणीतरी कचेरीत अर्ज करायला सुचवलं. तिथल्या कारकुनाने विचारलं, काय ठरलं होतं ते कुठे लिहिलं आहे? काहीच लिहिलेलं नव्हतं. गावात असं कोणी लिहीतही नसे.

पाऊस आला. सगळा आषाढ त्यांनी बैलाच्या कोठ्यात काढला. काळी माती पाणी पिऊन फुगली आणि माणिकबाईने कल्पनाही केली नव्हती असं काही घडायला लागलं. भेग मिटायला लागली. श्रावणात हात जाईना, भाद्रपदात बोट जाईना. दार अर्धंअधिक लागायला लागलं. जानराव खुशीत आला. माणिकबाईला मात्र ते पाहून कसंसंच वाटायचं.

दसऱ्यानंतर भगवंत गुत्तेदार खरोखरच आला. पाटलाच्या सोप्याचं काम पाहायला आला, आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे मळ्यातही आला. बरोबर पाटील होता, गावातली चार मोठी माणसं होती. त्याने भिंतीवरून हात फिरवला. भेगेच्या जागी पुन्हा केसाएवढीच रेघ उरली होती.

"पाह्यलं पाटील?" तो म्हणाला. "म्या सांगतलं होतं, नवं घर बसते. बसलं."

सगळ्यांनी पाहिलं. सगळ्यांनी माना हलवल्या.

"उन्हाळ्यात परत उलन," माणिकबाई म्हणाली. "हे पाण्यानं मिटलं. पाया वर हाय. खाली काळी हाय सगळी. तुमी इथं एक हात खोदून पाहा."

"आता काय पाया उकरून पाह्यतं?" पाटील म्हणाला. "पडलं नाई ना घर? मंग झालं."

"उन्हाळ्यात अठी हात जात होता, पाटील. ह्या पार्बताबाईले इचारा."

पार्बताबाई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "जात होता." पण पाटलाच्या तोंडाकडे पाहून ती एवढंच म्हणाली आणि पदर सावरत मागे झाली.

भगवंताने माणूस बोलावला, रेघेवर चुन्याचा गिलावा देववला, तोही चांगला घोटून. वर एक पैसा मागितला नाही. जाताना सुभद्रेच्या डोक्यावर हात ठेवला. गावात सगळे म्हणायला लागले, गुत्तेदार असावा तर असा. माणिकबाईने त्यानंतर तक्रार केली असती तर लोकांनी तिलाच नावं ठेवली असती, आणि हे तिला कळत होतं.

ते परत घरात राहायला गेले. थंडीभर राहिले. फाल्गुनात गिलाव्याला तडा गेला. माणिकबाईने कोणालाच काही सांगितलं नाही. सांगायला कोणी उरलंच नव्हतं. तिने मळ्यातच विहिरीजवळ पऱ्हाट्यांचा एक आडोसा बांधला, चूल बाहेर लांब मांडली आणि सुभद्रेचं अंथरूण तिकडे नेलं. जानराव म्हणाला, "लोक हासतीन, इटाचं घर सोडून झोपडीत निजता म्हणून." ती म्हणाली, "हासू द्या."

वैशाखात एका दुपारी ती वांग्याला पाणी देत होती. मोटेचा आवाज चालू होता, त्यामुळे पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही. मग बैल बुजले. ती वळली तेव्हा घराच्या जागी धुरळा उभा राहिला होता. मधली भिंत आडवी झाली होती, तिच्या मागोमाग म्याल आणि अर्धे कवेलू खाली आले होते. आगीत उभी राहावी म्हणून बांधलेली भिंत, साधा वारासुद्धा नसताना पडली होती. सुभद्रा विहिरीवर होती. जानराव मोटेवर होता. कोणाला काही लागलं नाही. पार्बताबाई धावत आली आणि पुन्हा पुन्हा म्हणत राहिली की देवाने वाचवलं. माणिकबाई वाफ्यातच उभी राहिली. चालू सरीतलं पाणी दुसऱ्या सरीला वळवायचं होतं, ते तिने वळवलं.

त्याच सुमाराला अमेरिकेतली लढाई संपल्याची खबर आली आणि कापसाचा भाव कोसळला. अमरावतीत आलेले मुंबईचे दलाल एकेक करून निघून गेले. ज्यांनी पऱ्हाटी लावली होती ते पुन्हा भाजीकडे वळले, आणि बाजारात वांगी कोणी विचारेना. नवं घर बांधायचा प्रश्नच उरला नाही. भगवंत गुत्तेदार तोवर आगगाडीच्या सडकेबरोबर पुढे सरकला होता. त्याचा निरोप आला की ऐकून फार वाईट वाटलं, वहिनींना सांगा.

विटा तिथेच पडून होत्या. एका सकाळी तिवस्याकडचा नत्थुजी नावाचा शेतकरी विचारत विचारत मळ्यात आला. माणसाचं वय झालेलं, वागणं सभ्य. त्याला घर बांधायचं होतं आणि भगवंत गुत्तेदार ते काम घ्यायला तयार होता. त्याचं काम कसं आहे ते विचारायला तो आला होता.

माणिकबाईने त्याला ओट्याच्या उरलेल्या भागावर बसवलं आणि सगळं सांगितलं. गुडघ्याएवढा चर, अकोल्याचा मुरूम, पावसात मिटलेली भेग. नत्थुजीने मध्ये एकदाही तोडलं नाही. तो उठून पडलेल्या भिंतीभोवती फिरला, उघडा पडलेला पाया काठीने टोचून पाहिला. काठी मातीत सहज गेली.

"बाई, तुमचं सगळं खरं हाय," तो परत येऊन बसत म्हणाला. "पण दुसरा कोण भेटते? सगळे सडकेवर हाय. हाच एक येतो म्हणते. बोलाले बी चांगला हाय."

"बोलाले लय चांगला हाय," माणिकबाई म्हणाली.

"मी सोता उभा राहीन. मुरूम लागेपर्यंत दगड टाकू देणार नाई."

"मंग वावरात कवा जान तुमी?"

नत्थुजी काठीने जमिनीवर रेघा ओढत बसला. माणिकबाईनेही आणखी ताणून धरलं नाही. तिने वाफ्यातली चार कोवळी वांगी तोडली, त्याच्या उपरण्यात बांधून दिली आणि ऊन चढायच्या आत निघा म्हणाली.